पाटी पाहून निवडलेले ऑक्सफर्ड

करोनाच्या साथीत रुग्णालयांतील अंगरख्यांमुळे 'पीपीई' ही तीन अक्षरे महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. मात्र मुंबई-पुण्यातील सुस्थित घरांत, बारावीच्या उंबरठ्यावरील मुलामुलींच्या संदर्भात याच तीन अक्षरांचा जो जप चालतो, त्याचा त्या अंगरख्यांशी काही संबंध नाही. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तीन विषय एकत्र शिकविणारा ऑक्सफर्ड विद्यापीठाचा हा पदवी अभ्यासक्रम १९२० मध्ये सुरू झाला. ग्रीक आणि लॅटिन शिकून साम्राज्याचा कारभार हाकणाऱ्यांची पिढी मावळत होती. नव्या राज्यकर्त्यांना अर्थव्यवहार आणि शासनव्यवस्था कळावी, या हेतूने त्याची आखणी झाली. शंभर वर्षांत त्याची ख्याती अशी वाढली, की ब्रिटनच्या राजकारणाचा दरवाजा म्हणजे हाच अभ्यासक्रम, असे मानले जाऊ लागले. आपला मुलगा किंवा मुलगी त्या दरवाजातून आत जावी, अशी आकांक्षा धरण्यात गैर काही नाही. गैर आहे ते तेथील महाविद्यालय निवडण्याच्या पद्धतीत.

ही पद्धत कशी असते? परदेशी शिक्षणाचा सल्ला विकणारा कोणी एक गृहस्थ रंगीत तक्ता पुढे ठेवतो. एका रकान्यात महाविद्यालयांची नावे, दुसऱ्यात तेथून बाहेर पडलेल्या पंतप्रधानांची आणि अध्यक्षांची. पालक तो तक्ता देवघरातील तसबिरींसारखा न्याहाळतात, ज्या नावापुढे सर्वांत भरघोस नामावळी असेल त्यावर बोट ठेवतात, आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील तीन वर्षांचा निर्णय झालेला असतो. निर्णय किती रुपयांचा? परदेशी विद्यार्थ्याला या अभ्यासक्रमाचे शुल्क वर्षाला ४० हजार पौंडांहून अधिक पडते. पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर धरला, तर तीन वर्षांचे केवळ शुल्कच एक कोटी वीस लाखांच्या पुढे जाते. राहणे, जेवण आणि विमानप्रवास यांचा हिशेब वेगळा. घर गहाण ठेवून उभी केलेली ही रक्कम भिंतीवरच्या तसबिरी पाहून खर्च करावयाची, याला व्यवहारचातुर्य म्हणता येईल काय?

मुळात ऑक्सफर्डची घडणच आपल्याकडील विद्यापीठांहून निराळी आहे आणि ती समजून न घेताच निवड केली जाते. तेथे विद्यापीठ एक, महाविद्यालये तीसहून अधिक. अभ्यासक्रम, व्याख्याने, परीक्षा आणि पदवी ही विद्यापीठाची. प्रवेश, निवास, भोजन आणि ट्यूटरसमोरची साप्ताहिक बैठक ही महाविद्यालयाची. पदवीपत्रावर महाविद्यालयाच्या कीर्तीचे गुण मिळत नाहीत. मर्टनचा विद्यार्थी आणि सेंट हिल्डाजचा विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवितो आणि एकाच परीक्षकाच्या हाती उत्तरे देतो. शुल्कही महाविद्यालयागणिक बदलत नाही. असे असताना महाविद्यालयाच्या पाटीला पदवीचे मोल चिकटविण्याचा उद्योग कोणाच्या हिताचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

त्या पंतप्रधानांच्या तक्त्याचाच एकदा नीट हिशेब मांडला तर? पीपीई घेऊन ब्रिटनच्या पंतप्रधानपदी पोहोचलेले आजवर पाच जण. हॅरॉल्ड विल्सन जीझस महाविद्यालयाचे, एडवर्ड हीथ बेलियलचे, डेव्हिड कॅमेरून ब्रेझनोजचे, लिझ ट्रस मर्टनच्या आणि ऋषी सुनक लिंकनचे. पाच पंतप्रधान, पाच महाविद्यालये! सत्तेकडे नेणारे एखादे महाविद्यालय असतेच, तर पाचांतले निदान दोघे तरी एका आवारात सापडावयास हवे होते. शिवाय या नामावळीतील साऱ्यांची कारकीर्द मिरविण्याजोगी आहे, असेही नाही. ब्रेझनोजमधून प्रथम वर्ग घेऊन निघालेल्या कॅमेरून यांनी २०१६ मध्ये जनमत कौल घेतला, तो त्यांच्या विरुद्ध गेला आणि त्यांना पद सोडावे लागले. अर्थशास्त्र ज्यांच्या पदवीच्या नावातच आहे, त्या ट्रसबाईंच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये मांडलेल्या करकपातीने रोखेबाजार असा हादरला, की त्यांची कारकीर्द अवघ्या ४९ दिवसांत संपली. मर्टन महाविद्यालयाचा यात काडीचाही दोष नाही. पण मग श्रेय तरी कोणत्या न्यायाने द्यावयाचे?

ब्रिटनबाहेरची उदाहरणेही हेच सांगतात. पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो लेडी मार्गारेट हॉलमध्ये आणि इम्रान खान कीबलमध्ये हाच अभ्यासक्रम शिकले. त्या देशाच्या लोकशाहीची प्रकृती त्यामुळे कितपत सुधारली, हे जग पाहते आहे. ब्रह्मदेशाच्या आंग सान सू ची यांनी सेंट ह्यूजमधून १९६७ मध्ये ही पदवी घेतली, तीही तृतीय श्रेणीत. माथेरानला जन्मलेले गिरीश कर्नाड ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तेथे जाऊन हेच तीन विषय शिकले आणि नाटककार झाले. त्यांच्या राजकीय मतांची चर्चा हा येथे विषय नव्हे. पण ज्या अभ्यासक्रमातून राज्यकर्तेच घडतात असे छातीठोकपणे सांगितले जाते, त्यातून 'तुघलक'चा कर्ताही निघतो, ही गोष्ट तक्ता विकणाऱ्यांच्या सोयीची नाही.

या तक्त्यांतून काही हास्यास्पद प्रकारही घडतात. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् १९३६ पासून ऑक्सफर्डला पौर्वात्य धर्म व नीतिशास्त्राचे स्पाल्डिंग प्राध्यापक होते आणि ऑल सोल्स महाविद्यालयाचे फेलो होते. भारतीय न्यायशास्त्राचे थोर अभ्यासक बिमलकृष्ण मतिलाल पुढे त्याच आसनावर आणि त्याच महाविद्यालयात होते. साहजिकच तत्त्वज्ञानाची ओढ असलेल्या मुलाला त्या नावाचे आकर्षण वाटते. परंतु ऑल सोल्समध्ये पदवीपूर्व विद्यार्थी घेतच नाहीत! डॉ. मनमोहन सिंग यांनी ज्या नफिल्ड महाविद्यालयात राहून डॉक्टरेट मिळविली, तेही केवळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे. म्हणजे भारतीय मनाला सर्वांत जवळची वाटणारी दोन नावे या मुलांना अर्जात लिहिताच येत नाहीत. हॅरिस मँचेस्टरचे दार वयाची एकवीस वर्षे ओलांडलेल्यांनाच उघडते. इतकी प्राथमिक माहितीही न देता हजारो रुपये सल्ल्यापोटी घेतले जात असतील, तर त्याला फसवणूक हाच शब्द योग्य होय.

दुसरे आमिष गुणानुक्रमाचे. सर आर्थर नॉरिंग्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक तक्ता अंतिम परीक्षांच्या निकालावरून महाविद्यालयांची उतरंड लावीत आला आहे. त्यात रसायनशास्त्रापासून इतिहासापर्यंत सर्व विषयांचे निकाल एकाच टोपलीत घातलेले असतात. त्यावरून अर्थशास्त्राच्या अध्यापनाची प्रत जोखणे म्हणजे मंडईतील सगळ्या भाज्यांचा सरासरी भाव काढून कोथिंबिरीची जुडी विकत घेण्यासारखे आहे. पीपीईला एका वर्षी साऱ्या विद्यापीठात मिळून सुमारे अडीचशे विद्यार्थी असतात. एका महाविद्यालयाच्या वाट्याला सरासरी सात-आठ येतात. सात-आठ जणांच्या निकालात एका मुलाचे आजारपण किंवा एका मुलीची असाधारण प्रतिभा सारे चित्र पालटते. आकडे बोलतात हे खरे, पण एवढ्या थोड्या आकड्यांना बोलते करणे म्हणजे त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणेच.

तिसरे आमिष अधिक धूर्त आहे. अमुक महाविद्यालयाकडे अर्ज कमी येतात, तेथे अर्ज करा म्हणजे प्रवेश सुकर, असा गुप्त मंत्र कानात सांगितला जातो. विद्यापीठाने या पळवाटेचा बंदोबस्त केव्हाच केलेला आहे. एका महाविद्यालयात योग्य उमेदवारांची गर्दी झाली, की त्यांतील काहींना जागा असलेल्या दुसऱ्या महाविद्यालयाकडे वळविले जाते. अनेकांची मुलाखत एकाहून अधिक महाविद्यालये घेतात. प्रवेश मिळालेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विद्यार्थ्यांना त्यांनी न निवडलेल्या महाविद्यालयात जावे लागते, आणि ते तेथे सुखाने शिकतात. कोणतेही महाविद्यालय न निवडता खुला अर्ज करण्याचीही सोय आहे. त्याने प्रवेशाची शक्यता वाढत नाही आणि घटतही नाही. म्हणजे ज्या निवडीसाठी घराघरांत रात्री जागविल्या जातात, ती निवड शेवटी टिकेल याचीही हमी नसते!

मग महाविद्यालय कोणतेही असो, सारखेच, असे म्हणावयाचे काय? मुळीच नाही. फरक आहेत आणि ते मोठे आहेत. फक्त ते पाटीवर लिहिलेले नसतात.

पीपीईच्या विद्यार्थ्याचे खरे शिक्षण ट्युटोरियलमध्ये होते. आठवड्याला एक, कधी दोन निबंध लिहावयाचे, त्यासाठी पाच-सहा ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील प्रकरणे पालथी घालावयाची आणि मग ट्यूटरच्या खोलीत एक-दोन सहाध्यायांसह तासभर त्या निबंधाची चिरफाड सोसावयाची. व्याख्यानाला दांडी मारता येते, या खोलीत तोंड लपविता येत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडल्यावाचून त्याचे खंडन करावयाचे नाही, हा तेथील दंडक आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत गुरूसमोर बसून आधी पूर्वपक्ष आणि मग उत्तरपक्ष मांडणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात काहीच परके वाटले नसते. आपल्याकडील विद्यापीठांनी ही परंपरा सोडून गाइडे आणि 'अपेक्षित प्रश्नसंच' जवळ केले. इंग्रजांनी मात्र आपली जपली. दोष द्यावयाचा तर तो कोणाला द्यावा?

तेव्हा विचारावयाचा पहिला प्रश्न असा, की त्या खोलीत समोर कोण बसणार? तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांचे कायम अध्यापक त्या महाविद्यालयात आहेत काय, आणि प्रत्येकी किती? त्यांतील कोण येत्या काळात संशोधनाच्या रजेवर जाणार आहे? त्यांच्या जागी वर्ष-दोन वर्षांच्या नेमणुकीचा व्याख्याता येणार, की डॉक्टरेट करणारा विद्यार्थी? (तरुण संशोधक कधीकधी ज्येष्ठांहून उत्तम शिकवितात, हेही खरे. पण एक कोटी वीस लाख मोजणाऱ्याला ते आधी कळावयास हवे.) ज्या नामांकित प्राध्यापकाचे छायाचित्र माहितीपत्रकावर झळकते, तो बहुधा पदवीपूर्व विद्यार्थ्यांना ट्युटोरियल देतच नाही. त्याचे काम व्याख्यान देण्याचे आणि संशोधकांना मार्गदर्शन करण्याचे. पहिल्या वर्षानंतर तीनपैकी एक विषय सोडता येतो आणि बहुसंख्य विद्यार्थी तो सोडतात. ज्याला अर्थशास्त्र शेवटपर्यंत न्यावयाचे आहे, त्याने अर्थशास्त्राचा एकच अध्यापक असलेल्या आणि तत्त्वज्ञानाचे तीन असलेल्या महाविद्यालयात जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पुढच्या विशेष विषयांसाठी विद्यार्थ्यांना इतर महाविद्यालयांतील अध्यापकांकडे पाठविले जाते हे खरे, परंतु पहिल्या वर्षाचा पाया आपल्याच अंगणात घातला जातो. गणिताची भीती बाळगणाऱ्याने हेही ध्यानी ठेवावे, की प्रवेशासाठी गणित सक्तीचे नसले तरी अर्थशास्त्राची वाट गणितातूनच जाते.

दुसरा प्रश्न छपराचा. ऑक्सफर्डचे सत्र आठ आठवड्यांचे, आणि अशी सत्रे वर्षाला तीन. उरलेले जवळजवळ अर्धे वर्ष सुटी. ब्रिटिश विद्यार्थी पेट्या उचलून घरी जातो. सोलापूरच्या मुलीने डिसेंबरात आणि मार्चमध्ये कोठे जावे? काही महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांना सुटीत खोली ठेवू देतात, काही रिकामी करावयास लावतात आणि त्या जागी परिषदांचे पाहुणे उतरवितात. काही तिन्ही वर्षे आपल्या वसतिगृहात जागा देतात, काही दुसऱ्या वर्षी बाहेर भाड्याचे घर शोधावयास सांगतात. ऑक्सफर्डमध्ये घरभाडे म्हणजे काय प्रकार आहे, ते शोधणाऱ्यालाच कळते. सेंट जॉन्ससारख्या धनाढ्य महाविद्यालयांची गंगाजळी आणि लहान महाविद्यालयांची ओढाताण यांतील अंतर नेमके येथे जाणवते: खोलीच्या भाड्यात, पुस्तकांसाठी मिळणाऱ्या अनुदानात, अडचणीच्या वेळच्या साहाय्यात. आणि शाकाहारी घरांतून जाणाऱ्यांनी भोजनगृहात काय शिजते, स्वतः शिजविण्यास ओटा मिळतो की नाही, हेही निःसंकोच विचारावे. घरच्या वरणभाताची आठवण काढणे हा मागासलेपणा नव्हे.

आता याच्या उलट टोकाच्या मंडळींचाही समाचार घेणे प्राप्त आहे. परदेशी विद्यापीठाचे नाव काढताच ज्यांच्या कपाळावर आठ्या उमटतात, अशी सज्जन माणसे राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात कमी नाहीत. तेथे गेलेला मुलगा हातचा गेला, मॅकॉलेचा मानसपुत्र झाला, अशी त्यांची धारणा असते. त्यांनी बेलियल महाविद्यालयाचा इतिहास पाहावा.

बेन्जामिन जोवेट यांच्या प्रमुखपदाखालील बेलियल म्हणजे साम्राज्याच्या कारभाऱ्यांचा कारखानाच. भारतात येणारे कितीतरी सनदी अधिकारी तेथे घडले. जॉर्ज नथॅनिएल कर्झन १८७८ मध्ये तेथे दाखल झाला. त्याच्या पाठोपाठ, १८७९ मध्ये, कच्छमधील मांडवीचा एक संस्कृतज्ञ तरुण ऑक्सफर्डला आला आणि त्याच बेलियलमधून त्याने १८८३ मध्ये पदवी घेतली. त्याचे नाव श्यामजी कृष्ण वर्मा. एकच जोवेट, एकच भोजनगृह, तीच वर्षे. १९०५ साली एकाने बंगालची फाळणी केली. त्याच वर्षी दुसऱ्याने लंडनच्या हायगेटमध्ये 'इंडिया हाउस' उघडले आणि भारतीय क्रांतिकारकांना साम्राज्याच्या राजधानीतच घर मिळवून दिले. श्यामजींमार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने, १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर याच घरात राहावयास गेले. बेलियलने श्यामजींना बिघडविले नाही की घडविलेही नाही. जाताना स्वतःजवळ जे होते, त्याला त्यांनी तेथे धार लावून घेतली.

तीच गोष्ट पीपीईच्या ग्रंथांची. पहिल्या वर्षाच्या नीतिशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिलचा उपयुक्ततावाद दीर्घकाळ वाचला जात आला आहे. हा मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकर होता आणि हिंदुस्थानकडे जाणारे खलिते लिहीत होता. (त्या वास्तूलाही 'ईस्ट इंडिया हाउस'च म्हणत. लंडनमधील या दोन 'इंडिया हाउस'ची तुलना एखाद्या निबंधाचा विषय व्हावी.) त्याचे वडील जेम्स मिल यांनी हिंदुस्थानचा इतिहास लिहिला तो येथे पाऊलही न ठेवता आणि येथील एकही भाषा न शिकता. व्यक्तिस्वातंत्र्याचा महान पुरस्कर्ता म्हणून ज्याची थोरवी गायिली जाते, त्या धाकट्या मिलने १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्या स्वातंत्र्यातून 'मागासलेल्या' समाजांना वगळले आणि त्यांच्यासाठी एकतंत्री राजवट योग्य ठरविली. हे सारे त्याच्याच पुस्तकात, छापील स्वरूपात आहे.

मराठी विद्यार्थ्याने ते वाचूच नये काय? वाचावे, आणि ट्यूटरसमोर मांडावे. त्यासाठी मिलचे संपूर्ण प्रतिपादन त्याला तोंडपाठ हवे आणि आपल्या भूमीतील राज्यविचाराची, न्या. रानडे आणि दादाभाई नौरोजी यांच्या अर्थविचाराची शिदोरी बरोबर हवी. ज्याने घरून काहीच नेलेले नाही, तो त्या खोलीत केवळ माना डोलवील, मग ती खोली बेलियलमधील असो की लिंकनमधील. उलट ज्याच्याजवळ शिदोरी आहे, त्याला तासभर शांतपणे ऐकून घेणारा, चूक दाखविणारा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावयास सांगणारा ट्यूटर हवा. असा ट्यूटर कोठे आहे, हाच महाविद्यालय निवडीचा प्रश्न आहे. पुण्याने १८९९ च्या केंब्रिजच्या गणित परीक्षेत अग्रस्थानी आलेल्या परांजप्यांना 'रँग्लर' म्हणून डोक्यावर घेतले. त्यांचे महाविद्यालय सेंट जॉन्स होते, हे आज किती पुणेकरांना ठाऊक आहे?

महाविद्यालयांच्या प्रवेश कार्यालयांना ई-पत्र लिहिता येते आणि ती उत्तरे देतात. ट्यूटर किती, रजेवर कोण, सुटीत खोली मिळेल काय, हे विचारावयास सल्लागाराची दलाली लागत नाही. विद्यार्थ्यानेच लिहावे, वडिलांनी नव्हे. अर्जाची मुदत बहुतेक वर्षी १५ ऑक्टोबरला, ब्रिटनच्या घड्याळात सायंकाळी सहा वाजता संपते. तेव्हा महाराष्ट्रात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. त्याआधी तो पंतप्रधानांचा तक्ता रद्दीत गेलेला असावा.